नो सिग्नल, मु. पो. सांबरा

आमच्या सांबऱ्यात माणसाला पहाटे उठवायची सरकारी सोय आहे. गावाला खेटून हवाई दलाचा तळ आणि त्यात एअरमेन ट्रेनिंग स्कूल. देशभरातून पोरं येतात, बरीचशी नुकतीच मिसरूड फुटलेली. हल्ली त्यांना अग्निवीरवायू म्हणतात. घरी आईनं चार हाका मारल्याशिवाय पांघरुणातून बोट बाहेर न काढणारी ही पोरं इथं आली की महिन्याभरात कोंबड्याच्या आधी उठायला लागतात. अशा गावात माझ्या टेबलावरचा चोवीस इंची मॉनिटर सकाळचे दहा वाजले तरी उठत नाही, ही मला सगळ्या गावाची बेअब्रू वाटते.

मी डीटीपी करतो. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, यात्रेच्या पावत्या, चौकातल्या वाढदिवसाच्या डिजिटल बोर्डवरचे बावीस शुभेच्छुक आणि त्यांचे बावीस फोटो, हा माझा धंदा. आमच्याकडं पत्रिका दोन्ही भाषांत लागते. वराकडचे मुचंडीचे, वधूकडचे बैलहोंगलचे, म्हणजे डाव्या पानावर मराठी आणि उजव्या पानावर कन्नड. लॅपटॉपच्या पंधरा इंचात दोन्ही पानं एकदम उघडली की कुणाच्या तरी मामाचं नाव मुंगीएवढं दिसतं, आणि मामाचं नाव चुकलं तर मांडवात काय होतं ते मी एकदा भोगलेलं आहे. म्हणून हा मोठा मॉनिटर घेतला, जुना. बेळगावातल्या कुठल्याशा कचेरीनं बदलून टाकलेल्या लॉटमधला. कचेरीत आयुष्य काढल्यामुळं त्याला झोपेची सवय असणार हे तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं.

सुरुवातीचे सहा महिने नीट गेले. मग डिसेंबर उजाडला आणि दुखणं सुरू झालं. दुखण्याचं स्वरूप असं. रात्री काम थांबवून मी उठलो की थोड्या वेळानं लॅपटॉप झोपतो, त्याच्या पाठोपाठ मॉनिटरही झोपतो. मॉनिटरच्या उजव्या कोपऱ्याखाली मोहरीएवढा दिवा आहे. जागा असताना निळा, झोपला की तांबूस. सकाळी मी माउस हलवतो. लॅपटॉप शहाण्या मुलासारखा ताडकन उठतो. मॉनिटरचा दिवा तांबड्याचा निळा होतो, काळा पडदा किंचित राखाडी होतो, म्हणजे पापणी हलली असं आपण समजायचं. मग पडद्यावर एक छोटी चौकट येते, तिच्यात ‘नो सिग्नल’. ती चौकट या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पाच-सात सेकंद तरंगते. आणि दिवा पुन्हा तांबूस. कूस बदलून झोपला!

सांबऱ्याला ‘नो सिग्नल’ नवा नाही, हे इथं सांगायला पाहिजे. आमची धावपट्टी १९४२ सालची, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सनं केलेली. पुढं डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीची कारवाई झाली तेव्हा हंटर विमानं इथूनच उडाली आणि १८ तारखेला त्यांनी बांबोळीचं पोर्तुगीजांचं वायरलेस केंद्र रॉकेटं मारून गप्प केलं. म्हणजे त्या दिवशी गोव्यात बसलेल्या गव्हर्नर साहेबाला जे दिसलं असेल ते हेच. त्यानं तिथून दिलेली शिवी साठ वर्षं हवेत फिरत राहिली आणि शेवटी नेमकी माझ्या टेबलावर उतरली, असा मला दाट संशय आहे.

आणि वेळही बघा. सीमाभागात थंडीचे दिवस म्हणजे साहित्य संमेलनांचे दिवस. कडोली, उचगाव, बेळगुंदी, येळ्ळूर, आमचं सांबरा, एकेका गावाचं एकेका रविवारी. ग्रंथदिंडी, उद्घाटन, कथाकथन, दुपारी जेवण, मग कविसंमेलन. माझ्याकडं एका स्मरणिकेचं काम आलं होतं. अध्यक्षांचं मनोगत येऊन पडलेलं, कविता एकशे बारा, जाहिरातींत एका खताच्या दुकानाचं अख्खं पान. हे सगळं मॉनिटरच्या त्या काळ्या पडद्याआड अडकलेलं. म्हणजे तसं लॅपटॉपवर होतंच, पण एकशे बारा कवींची ऱ्हस्व-दीर्घं पंधरा इंचात तपासायची म्हणजे डोळ्यांची आहुतीच.

पहिले दोन दिवस मी घरगुती उपाय केले. माउस हलवला. मग माउस आपटला. मॉनिटरच्या पाठीत हलकेच थोपटलं, मग जरा जोरात. केबल काढून फुंकर मारून पुन्हा घातली. रेडिओच्या जमान्यातली आमची पिढी, आमचा फुंकरीवर विश्वास आहे. कधी उठायचा, कधी नाही. आई दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, “कशाला उठवूलालास गा त्याला? झोपलेल्याला उठवू नये. पाप लागतं.”

तिसऱ्या दिवशी पुण्याच्या भाच्याला फोन केला. तो हिंजवडीत असतो, संगणकातलाच आहे.

“मामा, विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी, चार की एकदम दाबा.”

चार की एकदम! मी भजनात पेटी वाजवतो म्हणून निभावलं. काळी दोनचा षड्ज धरल्यासारखी बोटं पसरली आणि दाबलं. लॅपटॉप ‘टुक’ असा आवाज करून क्षणभर डोळे मिटून पुन्हा उघडला. मॉनिटर ढिम्म.

“काय झालं?”

“टुक झालं.”

“म्हणजे ग्राफिक्सचा ड्रायव्हर रीस्टार्ट झाला. आता विंडोज आणि पी दाबा. एक्स्टेंड निवडा.”

“यात दुसरा पडदा दिसतच नाही रे. एकच दाखवतंय.”

“हां,” भाचा म्हणाला, आणि डॉक्टर रिपोर्ट बघून गप्प होतात तसा गप्प झाला. मग म्हणाला, “मामा, म्हणजे लॅपटॉपला वाटतंय मॉनिटर नाहीच. आणि मॉनिटरला वाटतंय लॅपटॉप नाही. दोघं एकमेकांची वाट बघतायत.”

मग त्यानं अर्धा तास मला जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. जुन्या डबड्या मॉनिटरांचं सोपं होतं. १९९३ साली व्हेसा नावाच्या संस्थेनं एक रीत घालून दिली. चित्राची ओळ कधी सुरू करायची आणि पान कधी सुरू करायचं हे सांगणाऱ्या दोन तारा असायच्या. दोन्हीतले ठोके बंद पडले की मॉनिटरनं झोपायचं, सुरू झाले की उठायचं. ढोल वाजला की लेझीम सुरू, इतकं सरळ. आताच्या एचडीएमआय केबलला एकोणीस पिना आहेत आणि त्यातल्या एकोणिसाव्या पिनेचं काम एवढंच, की ‘पलीकडं कुणीतरी आहे हो’ असं कॉम्प्युटरला कळवायचं. मॉनिटरनं ती पिन वर उचलली की कॉम्प्युटर विचारतो, आपण कोण? मग मॉनिटर आपला बायोडेटा पाठवतो. तो निदान १२८ बाइटांचा असतो. बनवणाऱ्याचं नाव, जन्माचा आठवडा आणि साल, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, आणि काय काय झेपतं त्याची यादी. मी लग्नाचे बायोडेटे रोज टाइप करतो. उंची वाढवलेले, रंग उजळलेले, शेती फुगवलेले. इतक्या थोडक्यात इतकं खरं लिहिलेला बायोडेटा आजवर माझ्या हातून गेलेला नाही. तर तो बायोडेटा पसंत पडला की मगच कॉम्प्युटर चित्र धाडायला लागतो. आणि आमचा हा मॉनिटर इतका गाढ झोपायचा की उठल्यावर ती एकोणिसावी पिन उचलायचंच विसरायचा. पिन उचलली नाही म्हणून लॅपटॉप चित्र पाठवत नाही. चित्र आलं नाही म्हणून मॉनिटर ‘नो सिग्नल’ म्हणून परत आडवा. दोघंही आपापल्या जागी बरोबर!

आता वाचकाला वाटत असेल की हा गडी इथं महाराष्ट्र आणि कर्नाटकाचा दृष्टांत देणार. सीमेचं भांडण १ नोव्हेंबर १९५६ पासून चाललेलं आहे, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे, दृष्टांत तयारच आहे. पण मी देत नाही. मॉनिटर आज ना उद्या उठेल अशी मला आशा होती.

मला आठवले ते आमचे वडील आणि आप्पा. आप्पा म्हणजे माझे धाकटे चुलते. बांधावरून दोघांचं वाजलं. हातभर बांध, त्यावर एक बाभळ. बाभळ कुणाची यावरून सुरू झालं आणि चार वर्षं दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. घरं भिंतीला भिंत लावून, विहीर सामाईक, मोटर एकच. वडील ओट्यावर बसून भिंतीला सांगायचे, “मंगळवारी पाणी आमचं हाय म्हणावं.” पलीकडून आप्पा आपल्या बैलाला सांगायचे, “मंगळवार सकाळपर्यंतच म्हणावं.” मधे आई. कांद्याची भाजी इकडून तिकडं जायची, ताकाचा तांब्या तिकडून इकडं यायचा, निरोप त्याच्या बुडाला चिकटलेला. दोघांनाही बोलायचं होतं हे आम्हा पोरांनासुद्धा कळत होतं. फक्त आधी त्यानं बोलायला पाहिजे होतं.

ते बोलले कसे त्याचीही एक गंमत आहे. रात्री थ्री फेज यायची. एका रात्री लाईट आली, पण मोटर सुरूच होईना. वडील बॅटरी घेऊन विहिरीवर गेले, तर तिथं आप्पा आधीच स्टार्टरच्या पेटीत डोकं घालून उभे. अंधारात दोघे समोरासमोर. शेवटी वडीलच म्हणाले, “लाईट हाय न्हवं?” आप्पा म्हणाले, “हाय की.” “मग?” “किटकॅट न्हाई एक.” किटकॅट म्हणजे फ्यूजचा चिनी मातीचा गठ्ठा. तीनातला एक कुणीतरी काढून नेलेला. मग दोघांनी मिळून त्या चोराला अशा शिव्या घातल्या की त्यात चार वर्षांचं सगळं वाहून गेलं. पहाटे दोघे एकाच बॅटरीच्या उजेडात घरी आले. चोर मात्र सापडला नाही.

असो. घरगुती उपाय संपल्यावर मी मॉनिटर बेळगावला न्यायचं ठरवलं. गोधडीत गुंडाळला, स्कूटरवर मागं बायको बसली, तिच्या मांडीवर मॉनिटर. स्टँडवर तीन जणांनी विचारलं, नवा टीव्ही घेतला काय? चौथ्यानं गोधडी बघून हळू आवाजात विचारलं, “कोण ॲडमिट हाय?” बायकोनं घरी आल्यावर पुन्हा या गाडीवर बसणार नाही असं जाहीर केलं.

दुकानदारानं गोधडी सोडली, वायर लावली, आपल्या कॉम्प्युटरला जोडली. मॉनिटर लख्ख उठला. त्यानं झोपवला, उठवला. परत झोपवला, परत उठवला. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात शेजारची कार्टी जशी शहाण्यासारखी वागते तसा मॉनिटर वागत होता.

“उठलाय की ओ,” दुकानदार म्हणाला.

“घरात उठत नाही.”

“घरात अर्थिंग हाय?”

अर्थिंग हा आपल्याकडं विजेच्या धंद्यातला वास्तुदोष आहे. दुसरं काही सापडलं नाही की ते काढायचं. आणि मी तरी कसला! चेकिंगचे शंभर रुपये दिले, घरी आलो, फिटरला बोलावलं. त्यानं परड्यातला अर्थिंगचा खड्डा उकरला, त्यात दोन किलो खडेमीठ आणि कोळसा घातला आणि रोज तांब्याभर पाणी घालायला सांगितलं. चार दिवस मी सकाळी उठून तुळशीला आणि तिथून पुढं अर्थिंगला पाणी घालत होतो. शेजारची म्हातारी तिसऱ्या दिवशी तिथं हळदीकुंकू वाहून गेली. अर्थिंग सुधारलं असेल. मॉनिटर झोपलेलाच.

याच काळात एक विलक्षण गोष्ट माझ्या ध्यानात आली. मॉनिटर सकाळी उठायचा नाही, पण दुपारी उठायचा. रोज नव्हे, पण बहुतेक रोज. मी जेवून खुर्चीत जरा डुलकी काढायचो, तोंड धुऊन चार वाजता येऊन माउस हलवायचो, तर हा टवटवीत! मी वही घातली. डाव्या रकान्यात वेळ, उजव्या रकान्यात उठला की नाही. आठ दिवसांची नोंद झाल्यावर मला घाम फुटला. कारण डाव्या रकान्यातल्या प्रत्येक यशस्वी वेळेच्या आधी एकच घटना घडत होती. साडेतीनच्या सुमाराला आमच्या कौलांवरून विमान उतरत होतं.

१४ सप्टेंबर २०१७ ला विमानतळाची नवी इमारत झाली आणि वर्दळ वाढली. तेव्हापासून गावात विमानावर बरंच काही खपतं. म्हैस आटली, विमान. कौल सरकलं, विमान. नातू अभ्यास करत नाही, विमान. मी या सगळ्याला हसत आलो होतो. पण माझ्या हातात आता वही होती. चहाच्या टपरीवर मी वही दाखवली. तिथं हवाई दलाच्या मेसमधून रिटायर झालेले एक गृहस्थ बसतात. त्यांनी रकाने बारकाईनं तपासले आणि निदान केलं, “रडारचं तोंड तुमच्या घराकडं हाय.” विमान उतरताना रडार जास्त जोरात फिरतं, त्याच्या लहरी मॉनिटरला लागतात आणि तो उठतो. मला हे पटलं. म्हणजे बघा, जो माणूस अर्थिंगला रोज पाणी घालतो त्याला काय पटणार नाही? विमान रद्द झालं त्या दिवशी मॉनिटर उठला नाही, तेव्हा तर मी जवळजवळ विमान कंपनीला पत्रच लिहायला घेतलं होतं.

मधे एकदा हलग्याकडं काम होतं म्हणून गेलो. तिथं हायवेला आमची ती पांढरीशुभ्र सुवर्ण विधानसौध. ११ ऑक्टोबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते उद्घाटन झालं. बहुतेक डिसेंबरातच तिथं कर्नाटकाच्या विधिमंडळाचं दहाबारा दिवसांचं हिवाळी अधिवेशन भरतं, तेवढ्यापुरती ती निळी होते. पोलीस, गाड्या, आंदोलकांचे मंडप, उसाचा दर. मग परत तांबूस. एरवी मी तिच्याकडं बघून चार शब्द बोललो असतो. त्या दिवशी मला तिच्याविषयी माया वाटली. एवढ्या थोरामोठ्यांच्या घरात जिथं हे दुखणं, तिथं माझ्या जुन्या मॉनिटरचं काय घेऊन बसलात!

रविवारी सोक्षमोक्ष लावायचाच म्हणून मी दुपारी डुलकी काढली नाही. खुर्ची दाराआड ओढली, वही मांडीवर घेतली आणि दबा धरून बसलो. साडेतीन वाजून गेले. लांबून घरघर आली, वाढली, कौलं थरथरली, विमान उतरलं. मी मॉनिटरवर डोळे लावले. काही नाही. दिवा तांबूस.

मग आतल्या खोलीत खाट करकरली. विमानाच्या आवाजानं आई उठली होती. ती पदर सावरत बाहेर आली, हातात मोबाइल. तिची निपाणीची बहीण आणि ती सकाळच्या जेवणापासून दुपारच्या झोपेपर्यंत बोलतात. मोबाइल तेव्हा शेवटच्या घटका मोजत असतो. तिनं माझ्या टेबलाखाली वाकून बोर्डमधली जाडी काळी पिन उपटली आणि तिथं आपला पांढरा चार्जर खोचला. मॉनिटरचा तांबूस दिवा विझला. आई भिंतीला टेकून खाली बसली, वाटाणे सोलत बसावं तशी निवांत. दहाएक मिनिटांनी उठली, चार्जर काढला, काळी पिन होती तशी घातली. आणि आत चहा ठेवायला गेली.

मी जाऊन माउस हलवला. मॉनिटर लख्ख उठला. एकशे बारा कवी एका रांगेत.

म्हणजे विमान मॉनिटरला उठवत नव्हतं. विमान आईला उठवत होतं आणि आई मॉनिटरला. वही अगदीच खोटी नव्हती, फक्त मधला एक रकाना राहिला होता. आणि दुकानातलं कोडंही सुटलं. वायर काढून, गोधडीत गुंडाळून, स्कूटरवरून तासभर हिंडवल्यावर तिथं तो उठणारच होता. शंभर रुपये खरं तर बायकोला द्यायला हवे होते.

भाच्याला फोन केला. तो हसून हसून बेजार. मग म्हणाला, मॉनिटर झोपला तरी आत एक चिमुकली चिप जागी असते, राखणीला. कॉम्प्युटरकडून काही हालचाल झाली तर घरमालकाला उठवायचं हे तिचं काम. पण युरोपात नियम झाले, २०१३ पासून झोपलेल्या यंत्रानं अर्ध्या वॅटच्या वर वीज खायची नाही. तेव्हा बनवणाऱ्यांनी डीप स्लीप आणली, म्हणजे राखणदारालाही डुलकीची मुभा. जुनं यंत्र, स्वस्तातली केबल, की राखणदार असा गारठतो की हाक ऐकूच येत नाही. वायर उपटली आणि थोडा वेळ थांबलं की कपॅसिटरमध्ये साठलेली उरलीसुरली वीज निथळून जाते, राखणदार पुरता मरतो, आणि परत वीज आली की नवा, ताजा कामावर हजर. नुसतं बटण दाबून हे होत नाही, कारण बटण दाबलं तरी राखणदाराचा पगार चालूच असतो.

युरोपातल्या कुणीतरी अर्धा वॅट वाचवला आणि सांबऱ्यात माझं दोन किलो मीठ मातीत गेलं.

उपाय मॉनिटरच्या मेनूत होता. डीप स्लीप बंद करायची, आणि सिग्नल शोधत दोन तोंडांत भटकायची त्याची जी ऑटो सोर्सची खोड, तीही बंद करून एचडीएमआयवर खुंटीला बांधायचा. मेनूची बटणं पडद्याच्या खालच्या काठाच्या पोटात, दिसत नाहीत. चाचपडत दाबायची. पहिल्या झटक्यात उजेड गेला, दुसऱ्यात सगळं पिवळं झालं आणि तिसऱ्यात मेनूची भाषा रशियन झाली. आमच्या भागात कुठली पाटी कुठल्या भाषेत यावरून काय काय होतं ते तुम्ही पेपरात वाचता. रशियनला मात्र कुणाचीच हरकत नव्हती, त्यामुळं तासभर ती तशीच राहिली. शेवटी भाच्यानं तिकडं त्याच बनावटीचा मेनू उघडून ‘तीन खाली, एक आत, दोन खाली’ असं वाटाड्यासारखं नेऊन आणलं. डीप स्लीप बंद झाली. केबलही नवी घेतली, जाडजूड.

हे सगळं चाललं होतं तेव्हा आई चहा घेऊन उभी होती. मी तिला म्हटलं, “तू रोज पिन काढत होतीस ते मला सांगायचंस तरी.”

“त्यात काय सांगायचं? तू आपला रोज डोकं धरून बसूलालास. दोघं एकमेकाशी बोलंनात झाले की मधली लाईट काढायची. आपोआप येतात सुद्धीवर. तुझा बा नि आप्पा काय निराळं होते?”

मी चहाचा कप खाली ठेवला. “आई, ते किटकॅट...”

“दिवसा लाईट न्हवती तवा काढलं की. मी काय खुळी हाय चालू लाईटीत हात घालायला?”

“आणि चाळीस वर्षं बोलली नाहीस?”

“कुणी इचारलंच न्हाई.”

ती आत गेली, फळीवरचा हळदीचा जुना पितळी डबा काढला, तळाशी हात घातला आणि माझ्या हातावर आणून ठेवलं. बोटभर लांबीचा चिनी मातीचा गठ्ठा. मूळचा पांढरा असणार. आता अंगभर पिवळा, खाचांत हळद घट्ट बसलेली, दोन्ही टोकांना पितळेच्या पट्ट्या आणि मधे अजून वळसा घेतलेली तार. वडील आणि आप्पा, दोघेही या चोराला शिव्या घालतच गेले. चोर समोर बसून त्यांना भाकरी वाढत होता.

किटकॅट आता मॉनिटरच्या पायाशी ठेवलं आहे. डीप स्लीप गेल्यापासून तो माउसला नुसता वारा लागला तरी उठतो. महिन्याला चार पैसे वीज जास्त जात असेल, जाऊ दे.

काल दुपारी स्मरणिकेचं शेवटचं प्रूफ वाचत होतो. दोन्ही पानं पडद्यावर उघडी, एकशे अकरा कवी झालेले. साडेतीनला विमान उतरलं. आत खाट करकरली. आई आली, टेबलाखाली वाकली आणि काळी पिन उपटली. पडदा काळा झाला.

“अगं जागा हाय की तो!”

“असू दे,” ती चार्जर खोचत म्हणाली, “माझा चार टक्क्यावर आलाय.”